शून्य रुपयांचे बिल

महापालिकेची निवडणूक आली की मालमत्ता कराचा लिलाव पुकारला जातो. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत मुंबईत पाचशे चौरस फुटांची माफी सातशेवर नेण्याची बोली लागली, आणि पुण्यात ‘मुंबईला मिळते, मग आम्ही काय घोडे मारले?’ या न्यायाने पाचशेची. वाद मात्र दोनच शब्दांत अडकला. एका बाजूला ‘दिलासा’, दुसऱ्या बाजूला ‘रेवडी’. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तेच. कोणी माफीच्या बाजूने लिहिले की दुसरा विचारतो, मग रस्ते काय तुमच्या खिशातून करायचे? तिसरा म्हणतो, रस्ते आहेत कुठे? आणि चौथा गुलाबाचे फूल टाकून विषय संपवतो. सवलत द्यायची का, यावर आठवडाभर हमरीतुमरी चालली. कोणाला, कशी आणि कोणाच्या बदल्यात, हे एकानेही विचारले नाही.

माझे मत आधीच सांगून टाकते. शहरातल्या घरमालकांना कर सवलतीची गरज आहे, पण ती घराच्या क्षेत्रफळाला देऊन उपयोग नाही. ती माणसाच्या ऐपतीला आणि अडचणीला मिळायला हवी. आणि सवलत कितीही द्या, कोणाचेही बिल शून्यावर नेऊ नका. माफीवाले आणि रेवडीवाले, दोघेही माझ्यावर चिडतील. चिडू देत.

मुंबईतल्या माफीची कुळकथा थोडक्यात अशी. २०१७ च्या पालिका निवडणुकीत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफीचे वचन दिले गेले. २०१९ मध्ये त्याची अंमलबजावणी झाली तेव्हा माफ झाला तो फक्त सर्वसाधारण कर. मालमत्ता कराचे बिल म्हणजे एक कर नसतो, ती गाठोडी असते. सर्वसाधारण कर, जल कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, पथ कर, वृक्ष उपकर. त्यातले एक फडके काढले, बाकीचे गाठोडे तसेच राहिले, आणि लोक म्हणाले की फसवले. मग १ जानेवारी २०२२ रोजी सगळाच कर माफ झाल्याची घोषणा झाली. लाभार्थी सुमारे १६ लाख कुटुंबे, महापालिकेचा वार्षिक तोटा ४१७ कोटी आणि राज्याचा ४५ कोटी असा हिशेब तेव्हा सांगितला गेला.

या माफीच्या बाजूने जे बोलले जाते ते सगळे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेले कुटुंब आता ५०० चौरस फुटांच्या घरात राहायला गेले आहे. घर मिळाले, पण लिफ्ट, पंप, वॉचमन यांचा मासिक खर्चही आला. त्यांना मालमत्ता कर नसला तर कोणाच्या पोटात दुखण्याचे कारण नाही. दुसरा मुद्दा तोट्याचा. मुंबई महापालिकेचे २०२२-२३ चे अंदाजपत्रक ४५,९४९ कोटींचे होते. त्यात ४१७ कोटी म्हणजे शेकड्याला एकसुद्धा नाही. ‘यामुळे शहर बुडेल’ ही ओरड मुंबईपुरती तरी खोटी आहे. आणि तिसरा मुद्दा, जो मला सगळ्यांत वजनदार वाटतो: चौरस फूट मोजता येतात, उत्पन्न मोजता येत नाही. आपल्याकडे उत्पन्नाचा दाखला म्हणजे काय चीज असते हे तहसील कचेरीच्या बाहेर टेबल टाकून बसलेल्या माणसाला विचारा. लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांच्या उत्पन्नाची अट होती. पैसे आधी वाटले गेले आणि अपात्र नावांची गाळणी नंतर लागली. अशा राज्यात टेपने मोजता येईल असा निकष बरा, असे म्हणणाऱ्याला मी मूर्ख ठरवणार नाही.

पण टेपने नेमके काय मोजले जाते? मलबार हिलवरचे ४८० चौरस फुटांचे घर आणि मानखुर्दचे ४८० चौरस फुटांचे घर टेपला सारखेच दिसते. एका घरात कुटुंब राहते आणि दुसरे कुलूप लावून भाव वाढायची वाट बघत ठेवले आहे, हे टेपला कळत नाही. मालक तिथे राहतो का, त्याच्या नावावर आणखी किती घरे आहेत, हे ती विचारतच नाही. शिवाय कड्यासारखी तुटलेली सीमा. पाचशेला शून्य आणि पाचशे एकला पूर्ण कर! आयकरात कोणी असे करत नाही. तिथे टप्पे असतात, एका टप्प्यावरून दुसऱ्यावर गेलात तर वरच्या रकमेवरच जास्त दर लागतो. इथे मात्र एका चौरस फुटासाठी सगळे बिल. मग तो एक फूट कुठे गेला आणि बाल्कनी कशात धरली, यावरून मोजणीदाराशी जे बोलणे होते ते कसे होते, हे सांगायला मी कशाला हवी?

माझ्या इमारतीतले एक उदाहरण सांगते, कारण या वादात माणसे दिसतच नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांच्या यजमानांनी १९८६ मध्ये कोथरूडला सव्वासहाशे फुटांचा फ्लॅट घेतला. ते चिंचवडला एका कारखान्यात होते. आता यजमान नाहीत. ईपीएस-९५ या खासगी नोकरदारांच्या योजनेतली विधवा पेन्शन येते, ती दीड हजारांच्या घरात, आणि एफडीचे व्याज. जुन्या इमारतीचे बिल अगदी किरकोळ असायचे. मग सोसायटी पुनर्विकासाला गेली. २०२१ मध्ये नव्या इमारतीत आठशे फुटांचे घर मिळाले, लिफ्ट आली, गुडघ्यांची सोय झाली. आणि नव्या इमारतीची नव्याने आकारणी झाली. बिल कितीतरी पट. मावशींनी ते बिल आधी माझ्याकडे आणले, त्यांना वाटले की छपाईची चूक आहे. कागदावर त्या आज कोट्यधीश आहेत. हातात मात्र महिन्याला जेमतेम खर्च भागेल एवढेच. घराने श्रीमंत आणि उत्पन्नाने गरीब, अशी माणसे शहरात हजारो आहेत, आणि कर सवलत नावाची गोष्ट असावी ती त्यांच्यासाठी. पण पाचशेची माफी पुण्यात आली तरी मावशींना एक पैसा मिळणार नाही. त्यांचे घर आठशेचे आहे ना!

पुण्याची गोष्ट मुंबईपेक्षा जुनी आणि जास्त बोधप्रद आहे. १९७० साली पुणे महापालिकेने ठराव केला की मालक स्वतः राहत असेल तर करयोग्य मूल्यात ४० टक्के सवलत द्यायची आणि देखभालीसाठी दहाऐवजी १५ टक्के वजावट. पन्नास वर्षे ते चालले. मग लेखापरीक्षणात आक्षेप आला, २०१८ मध्ये राज्य सरकारने तो ठरावच रद्द केला, आणि १ एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्या घरांना सवलतीशिवाय बिले गेली. म्हणजे एकाच रस्त्यावर एका बाजूच्या इमारतीला सवलत आणि समोरच्या इमारतीला नाही. मार्च २०२३ मध्ये ४० टक्के पुन्हा लागू करायचे ठरले. कसब्याच्या पोटनिवडणुकीत सत्ताधाऱ्यांना हरवणारा निकालही त्याच महिन्यात लागला होता. त्यावरून ज्याने त्याने आपापला निष्कर्ष काढावा. मग पीटी-३ नावाचा अर्ज, पंचवीस रुपये, आणि आपण आपल्याच घरात राहतो याचे पुरावे. मावशी आणि मी तो अर्ज घेऊन गेलो होतो. गॅसचे पुस्तक, विजेचे बिल, सोसायटीचे पत्र. मावशी मला हळूच म्हणाल्या, “अगं, मी कुठे राहते हे मला माहीतच आहे, ह्यांना कशाला पटवायचं?” पण अर्ज मंजूर झाला.

ही ४० टक्क्यांची सवलत पाचशे फुटांच्या माफीपेक्षा तत्त्वाने बरी आहे, कारण ती बिल शून्य करत नाही. आकडे घालून बघा. वार्षिक भाडेमूल्य, म्हणजे घराला वर्षाला येईल असे पालिकेने धरलेले भाडे, ३०,००० धरले तर देखभालीचे आता पुन्हा १० टक्केच वजा करून २७,००० वर कर लागेल. स्वतः राहत असाल तर १६,२०० वर. कर कमी झाला, बिल राहिले. पण तिच्यातही एक खोट आहे आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. फ्लॅट भाड्याने दिला की सवलत गेली. मालक तो फरक कोणाकडून वसूल करणार? पुण्यात शिकायला आलेली मुले, हिंजवडीला कामाला जाणारी जोडपी, आणि माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई, ज्या दोनशे फुटांच्या खोलीत चौघे राहतात, हे सगळे मालमत्ता कर भरतात. घरभाड्याच्या रकमेत तो मिसळलेला असतो, एवढेच. ताईंच्या नावावर बिल येत नाही म्हणून आपण त्यांना ‘कर न भरणारे’ म्हणतो. अकरा महिन्यांचा करार, तोही ताईंच्या नशिबी बहुधा तोंडीच. घरमालकांना सवलत हा विषय आपण असा मांडतो की जणू शहरात फक्त घरमालकच राहतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने १९६४ मध्ये उत्पन्नावर आधारलेली मालमत्ता कर सवलत सुरू केली. सुरुवात वृद्धांपासून झाली, आणि तेव्हाच भाडेकरूंनाही त्यात धरले. भाड्याचा ठरावीक हिस्सा हा मालमत्ता करच आहे असे मानून. साठ वर्षांपूर्वी जे तिथे सुचले ते आपल्या जाहीरनाम्यांत अजून एका ओळीत नाही.

आता सगळ्यांत मोठ्या सवलतीकडे येऊ, जी कोणी मागत नाही आणि कोणी जाहीरही करत नाही. ती म्हणजे गोठलेले मूल्य. वर ३०,००० वार्षिक भाडेमूल्य मी उगाच घेतले नाही. महिन्याला अडीच हजार झाले. कोथरूडला अडीच हजारांत काय मिळते? दुचाकी लावायला जागा, फार तर. जुन्या इमारतीची आकारणी जुन्या दराने राहते आणि नवीन इमारतीला नवा दर लागतो. म्हणून तीस वर्षांपूर्वी घर घेतलेला डॉक्टर कमी भरतो आणि गेल्या वर्षी कर्ज काढून घर घेतलेली नर्स जास्त भरते. मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे भाड्याऐवजी घराच्या किमतीवर, आधारित कर आणला, दर पाच वर्षांनी मूल्य सुधारायचे ठरले, पण २०२० ची सुधारणा करोनाच्या निमित्ताने पुढे ढकलली, आणि करोना गेल्यावरही पुढे ढकलणे चालू राहिले.

याचा शेवट कुठे होतो हे बघायचे असेल तर कॅलिफोर्निया बघा. १९७८ मध्ये तिथल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केले. मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यापर्यंतच, आणि घर विकले जात नाही तोवर करासाठीचे मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायचे नाही. वाढत्या करामुळे म्हाताऱ्यांना घरे विकावी लागत आहेत, हा तेव्हाचा प्रचार होता आणि तो सगळा खोटाही नव्हता. पण परिणाम काय? शेजारी-शेजारी एकसारखी दोन घरे, आणि नव्याने घर घेणारा जुन्याच्या कितीतरी पट कर भरतो. हे अन्यायकारक आहे म्हणून एक बाई अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९२ मध्ये न्यायालयाने तो कायदा टिकवला. इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स अजूनही १९९१ च्या घरांच्या किमतींवर चालतो. सवलत गोठवणे सोपे असते, वितळवायला कोणी तयार नसते.

तेवढ्या लांब जायचीही गरज नाही. गिरगावात चला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीशी बांधली. महायुद्धानंतरची टंचाई, घरांसाठी हातघाई. तेव्हा तो कायदा योग्यच होता, तो नसता तर गिरणगाव रस्त्यावर आले असते. पण तात्पुरता म्हणून आलेला दिलासा वारसाहक्काने चालू लागला. पन्नास रुपये भाड्यात मालक इमारत दुरुस्त करीना, इमारती पडू लागल्या, १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आणि उपकर आणावा लागला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गोठवलेल्या भाड्याच्या त्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत. आणि यातली खरी मेख अशी की घरपट्टी भाड्यावर ठरत होती. भाडे गोठले म्हणजे पालिकेचे उत्पन्नही गोठले. एका दिलाशाने मालक, इमारत आणि शहर, तिघेही वाळले. आणि ज्याच्यासाठी दिलासा होता तो भाडेकरू टेकू लावलेल्या जिन्यावरून जपून पाय टाकत राहिला.

“पण घर माझे आहे. कर्ज मी फेडले, मुद्रांक शुल्क मी भरले, जीएसटी मी भरला. आता दरवर्षी पुन्हा कशाला?” हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि त्यामागचा वैताग खरा आहे. हा वैताग नवाही नाही. १८१० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने बनारसमध्ये घरांवर कर बसवला तेव्हा काशीच्या लोकांनी दुकाने बंद केली, कामधंदा सोडला आणि हजारोंच्या संख्येने उघड्यावर जाऊन बसले. शेवटी कंपनीला तो कर मागे घ्यावा लागला. मला ती माणसे बरोबर वाटतात. पण ती का बरोबर होती? कर घरावर होता म्हणून नव्हे. त्या पैशाचे काय करायचे यात त्यांना काडीचाही अधिकार नव्हता म्हणून. तुमच्या घराची किंमत तुम्ही भिंतींना रंग दिल्याने तिप्पट झालेली नाही. समोरचा रस्ता, नळाचे पाणी, मेट्रोचे स्टेशन, पलीकडचे उद्यान यांनी ती वाढवली. त्यातला छोटा वाटा शहराने मागणे हे भाडे मागणे नव्हे. तो पैसा कुठे गेला हे विचारायचा हक्क शाबूत असला पाहिजे, एवढीच अट.

म्हणूनच मला शून्य बिलाची भीती वाटते. मुंबईत लोकनियुक्त पालिका आली ती करदात्यांच्या संतापातून. पहिला म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड कर्तबगार होता, बाजार बांधला, गटारे काढली, आणि हात सैल सोडून खर्च केला. पालिका कर्जात गेली, करदाते खवळले, १८७१ मध्ये त्याला जावे लागले. तरुण फिरोजशहा मेहतांनी तेव्हा क्रॉफर्डची बाजू घेऊन सांगितले की दोष माणसाचा नाही, रचनेचा आहे. करदात्यांनी निवडलेले सभागृह हवे. सभेत त्यांची हुर्यो झाली. पण १८७२ च्या कायद्याने ६४ जणांचे कॉर्पोरेशन आले आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. पुण्यात १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर नगरपालिकेने हजार रुपये खर्च करायला सभासद म्हणून महात्मा फुले यांनी एकट्याने विरोध केला होता. हजार रुपये कोणाचे, हा प्रश्न विचारायची सवय या शहरांना होती.

इथे माझ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो आलाच पाहिजे. तेव्हा मतदान फक्त करदात्यांना होते. गिरणीतला कामगार, घरातली बाई, झाडूवाला, यांना शहराच्या कारभारात स्थान नव्हते. ‘जो कर भरेल तोच बोलेल’ हे सूत्र आपण प्रौढ मतदानाने मोडले आणि उत्तम केले. ते मला परत नको आहे. माझे म्हणणे त्याच्या उलट आहे: बिल सगळ्यांना जाऊ दे, म्हणजे सगळ्यांना हिशेब मागता येईल. ऐपत नाही त्याला वर्षाचे शंभर रुपये लावा. पण त्या बिलावर सफाईचे इतके, पाण्याचे इतके, शाळेचे इतके, असे छापलेले असू द्या. मुंबई-पुण्याच्या पालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची पावणेचार वर्षे दोन्ही शहरे प्रशासकाच्या हाती होती. एक नगरसेवक नाही, सभागृहात चर्चा नाही, अंदाजपत्रक वाचायचे आणि मंजूरही करायचे एकाच माणसाने. करमाफीमुळे लोक गप्प बसले असे म्हणणे खोटेपणा होईल. निवडणुका लांबल्या त्या आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या कोर्टकज्ज्यांत. पण १८७१ च्या त्या संतापाचा दहावा हिस्सा तरी कुठे दिसला?

आणि मुंबईला शून्य परवडते म्हणून बाकीच्यांना परवडेल असे नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर बहुतांश गेला, २०१७ मध्ये जीएसटीने मुंबईची जकातही संपवली. त्या बदल्यात राज्याकडून भरपाई येते, म्हणजे हात पसरून. महापालिकेला स्वतःच्या अधिकारात बसवता येईल असा दमदार कर आता जवळजवळ एकच उरला आहे, आणि त्याचाच आपण लिलाव करतो. ठेवींवर बसलेल्या मुंबईची नक्कल सोलापूरने किंवा मालेगावने केली तर तिथल्या सफाई कामगारांचे पगार कोण देणार? नगरसेवकाला मग राज्याच्या निधीसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि तिथे निधी रंग बघून मिळतो. शहरांना आपला कारभार आपण करायचा अधिकार देणारी ७४ वी घटनादुरुस्ती मग आपण कशासाठी केली होती?

मग मावशींचे काय? त्यांच्यासाठी उपाय आहे आणि तो जगात नवा नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९७४ पासून मालमत्ता कर पुढे ढकलण्याची योजना आहे. राहत्या घराचा कर प्रांत भरतो, ते व्याजी कर्ज म्हणून घरावर चढते, आणि घर विकले जाईल तेव्हा वसूल होते. पंचावन्न वर्षांवरील माणसे तिचा लाभ घेऊ शकतात. आपल्या कायद्यात मालमत्ता कर हा त्या मिळकतीवरचा पहिला बोजा असतोच, म्हणजे वसुलीचा पाया तयार आहे. वय पासष्टच्या पुढे, राहते घर एकच, अर्ज केला की कर पुढे ढकलला. महिन्याला दोन टक्क्यांची शास्ती नाही, साधे व्याज. आणि इथेच ‘उत्पन्न मोजता येत नाही’ या वजनदार मुद्द्याचे उत्तर मिळते. इथे उत्पन्न मोजायचीच गरज नाही. पैसा व्याजासकट परत द्यायचाच असेल तर खोटा गरीब बनून काय मिळवणार? ज्याला खरोखर अडचण आहे तोच रांगेत येईल. क्षेत्रफळाऐवजी मूल्याचे टप्पे करा, पहिला टप्पा सगळ्यांनाच नाममात्र दराने, मग पाचशे आणि पाचशे एकचा कडाही राहत नाही. आणि दर दोन-तीन वर्षांनी येणारी ती अभय योजना, थकवणाऱ्याला दंडात ७५-८० टक्के सूट देणारी, ती कृपा करून बंद करा. मुदतीच्या आत भरणाऱ्याला पाच-दहा टक्के आणि बुडवणाऱ्याला ऐंशी! पुण्यात मे महिन्यात भरणाऱ्याला लोक आता सरळ भोळा म्हणतात.

मावशींना मी ही ढकलण्याची कल्पना समजावून सांगितली तेव्हा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे सातबाऱ्यावर बोजा चढवल्यासारखंच की. आमच्या घरात तसलं कधी केलं नाही.” हे मला आधी सुचले नव्हते. कर्जाची लाज बाळगणाऱ्या पिढीला ही योजना पटवणे अवघड जाईल, आणि त्याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. कदाचित पहिली काही वर्षे मोजकेच अर्ज येतील. येऊ देत, ज्याला नको त्याच्यावर सक्ती नाही.

या मे महिन्यात मावशींनी बिल भरले, मुदतीच्या आत, कापडी पिशवीतल्या प्लास्टिकच्या पाकिटात १९८६ पासूनच्या पावत्या आहेत त्यांच्यासोबत ही एक. बिल वाचताना त्यांचे बोट ‘वृक्षसंवर्धन कर’ या ओळीवर थांबले. पुनर्विकासात आमचा फाटकाजवळचा गुलमोहर गेला होता. त्यांनी माझ्याकडून कागद घेतला आणि स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला: आमच्या प्रभागात गेल्या पाच वर्षांत किती झाडे लावली आणि त्यातली किती जगली ते कळवावे. अर्ज नेऊन दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. ती पोच त्यांनी या वर्षीच्या पावतीमागे टाचणीने लावून ठेवली आहे.